रॉटरडॅमला उघडलेली निफाडची पेटी

फेब्रुवारी 2024, आठवड्यातला एक मंगळवार.

पहाटे 5. इथे रॉटरडॅमला मिट्ट काळोख, नाशिकला साडेनऊ वाजलेत. पहिला फोन पॅकहाऊसला. रात्री दव पडलं होतं का? प्रीकूलिंगमधून द्राक्षाचा मणी किती अंशांवर निघाला? ओला घड पेटीत भरला, तर आतला सल्फर डायऑक्साइडचा पॅड ओलाव्याने भराभर वायू सोडतो आणि मणी देठाशी पांढरे पडतात. आज झालेली चूक मला महिन्याभराने दिसते, तेव्हा हातात करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. म्हणून दिवसाची सुरुवात दवाच्या चौकशीने.

सकाळी 6:30. रॉटरडॅमच्या दक्षिणेला लागून बारेनड्रेख्त हे गाव आहे. फळं आयात करणाऱ्यांची गोदामं आणि शीतगृहं इथे एकाला एक लागून आहेत. निफाड तालुक्यातल्या बागायतदारांनी मिळून काढलेल्या कंपनीचा मी इथला प्रतिनिधी. जानेवारी ते एप्रिल मुक्काम इथेच. कंपनी बागायतदारांचीच असल्यामुळे इथे कापलेला प्रत्येक सेंट थेट त्यांच्या हिशेबातून जातो.

7:30. कंटेनरचं सील तुटलं. चाळीस फुटी रीफर म्हणजे शीत कंटेनर, 20 पॅलेट, सुमारे 13 टन थॉमसन द्राक्षं. न्हावाशेव्याहून निघाल्याला 38 दिवस झाले. एरवी सुएझमार्गे तीन-साडेतीन आठवडे लागतात; पण नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली.

आधी तापमानाचा रेकॉर्डर काढला. आलेख सरळ, शून्याच्या आसपास. मग प्रत्येक पॅलेटवरची एकेक पेटी. सुईचा थर्मामीटर मण्यात खुपसायचा, रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी पाहायची, कॅलिपरने मण्याची फुगवण मोजायची. शेवटी घड देठाला धरून उचलायचा आणि हलकासा झटका द्यायचा. पहिल्या पॅलेटचा घड हलवला, दोन मणी पडले. अकराव्या पॅलेटच्या घडाला मी फक्त उचललं आणि पेटीत टपटप सतरा मणी उतरले. देठ तपकिरी, सुतळीसारखा सुकलेला. बारावं आणि तेरावं पॅलेटही तसंच. बाकी सतरा पॅलेटचे देठ अजून हिरवट होते.

10:00. खरेदीदार समोर बसला. डच माणूस आडपडदा ठेवत नाही. ‘माल खराब आहे, पूर्ण कंटेनरवर क्लेम लावतो,’ त्याने सरळ सांगितलं. मी तिन्ही पॅलेटचे फोटो त्याच्यापुढे ठेवले, त्यानेही पाहिले नव्हते असे दोन जास्तच. मग बाकी सतरांचे ठेवले. तिन्हींच्या लेबलवर एकाच प्लॉटचा नंबर होता. अपेडा या निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट प्रणालीवर 2006 पासून युरोपला माल पाठवणारी प्रत्येक बाग नोंदलेली असते. पेटीवरून पॅकहाऊस आणि पॅकहाऊसवरून थेट बाग सापडते. दोष एका प्लॉटचा आहे हे त्याला कागदावर दिसलं. तासाभराने ठरलं: सतरा पॅलेट ठरल्या भावाने सुपरमार्केटला, तिन्हींचं रीपॅकिंग आमच्या खर्चाने.

यात माझी हुशारी काही नाही. वाईट फोटो मी आधी दाखवले, म्हणून चांगल्या फोटोंवर त्याचा विश्वास बसला. 2010 च्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले, युरोपात कंटेनर अडकून पडले आणि बागायतदार कर्जात गेले. त्या वर्षानंतर भारतीय मालावर पुन्हा भरवसा बसायला अनेक हंगाम लागले. तो भरवसा मी एका क्लेमपायी खर्च करणार नाही.

दुपारी 12:30. इथलं जेवण म्हणजे पाव, चीज आणि ताक. अर्ध्या तासात सगळे पुन्हा कामाला. माझ्या डब्यात पोळी आणि कालची मटकीची उसळ.

2:00. रीपॅकिंगच्या टेबलाशी उभा राहिलो. पोलंडहून आलेल्या बाया निमुळत्या कात्र्यांनी मऊ मणी काढत होत्या. पिंपळगावच्या पॅकहाऊसमधल्या बायांच्या हातात अशाच कात्र्या असतात. मण्याची लव पुसली जाऊ नये म्हणून घड देठालाच धरायची रीतही तीच. 500 ग्रॅमच्या दहा पनेटची, म्हणजे छोट्या डब्यांची, एक पेटी. दहापैकी सात-साडेसात पनेट पुन्हा भरत होते.

4:00. निफाडात रात्रीचे साडेआठ. दिवसातला सगळ्यात जड फोन हा, त्या प्लॉटच्या बागायतदाराला.

‘काका, तुमच्या तीन पॅलेटला मणीगळ आहे.’

पलीकडे जरा वेळ शांतता.

‘भाऊ, माल माझ्या हाताने भरला होता. हिरवागार होता.’

‘हो काका, भरताना होता. पाणी कधी तोडलं होतं?’

बोलता बोलता उलगडलं. मजुरांची टोळी चार दिवस उशिरा आली, घड वेलीवर जास्त पिकला. तीन आठवड्यांच्या प्रवासात तो तगला असता. 38 दिवसांत तगला नाही. मी रीपॅकिंगचा खर्च आणि घट आकड्यांत सांगितली, फोटो पाठवले. लपवण्याजोगं काही ठेवलं नाही. काका म्हणाले, ‘दुसऱ्या प्लॉटची तोड उद्याच लावतो.’ मी लगेच पॅकहाऊसला कळवलं: जहाजं वळशाने येत आहेत तोवर जास्त पिकलेला घड युरोपच्या पेटीत नको, तो देशी बाजाराला.

रात्री 8:00. अहवाल पाठवला. घरी व्हिडिओ कॉल करायचा राहिला. तिकडे साडेबारा वाजले, लेक झोपली. हंगामात आठवड्यातून दोन-तीनदा असं होतं आणि ते सोसावं लागतं.

गावाकडची मुलं विचारतात, परदेशात एक्स्पोर्टची नोकरी कशी मिळेल, कोणता कोर्स करू? त्यांना माझं कळकळीचं सांगणं एकच. आधी एक पूर्ण हंगाम पॅकहाऊसमध्ये काढा. कात्री हातात धरा, दवात तोड थांबवा, सुकलेला देठ ओळखायला शिका. बागायतदाराला वाईट बातमी त्याच्या तोंडावर, खरी आणि वेळेवर सांगता आली, की मग पासपोर्ट काढा.