रॉक मशीन ते इंडस क्रीड : नाव बदललं, सूरही बदलला

नावात काय आहे, हे येळ्ळूरकरांना कुणी शिकवायला नको. वेशीवरच्या ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ या फलकावरून २०१४ साली काय घडलं, ते आपल्या घराघरांत अजून आठवतं. पण एका मराठमोळ्या शहरातल्या बँडने स्वतःहूनच आपलं नाव बदललं, ते का? आणि त्यानंतर त्यांच्या संगीताचं काय झालं? ही गोष्ट आपल्या तरुण मंडळींनी ऐकण्यासारखी आहे.

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड सुरू झाला. त्या काळी आपल्याकडे रॉक वाजवायचं म्हणजे परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी वाजवायची. श्रोत्यांनाही तेच हवं असे. या मुलांनी मात्र स्वतःची गाणी लिहायला घेतली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे अल्बम आले. गाणी स्वतःची असली, तरी बाज ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी हार्ड रॉकचाच होता.

१९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. ‘इंडस’ म्हणजे आपली सिंधू. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड थांबला. तोवर काळ हिंदी पॉपचा झाला होता. इंग्रजीत गाणाऱ्या बँडला पोट भरणं कठीणच होतं. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी भारतीय वाद्यांना जवळ करणारं वेगळं संगीत केलं.

२०१० मध्ये बँड पुन्हा उभा राहिला. बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे जुने गडी होते. ड्रम्सवर जय रो कवी आणि बासवर रुशाद मिस्त्री ही नवी पिढी आली. २०१२ च्या त्यांच्या अल्बमचं नाव ‘इव्हॉल्व्ह’, म्हणजे उत्क्रांत होणं. मधे १७ वर्षं गेली होती. जुन्या गाण्यांची नक्कल केली असती तर जुने चाहते खूश झाले असते. पण इथे गाणी सावकाश उलगडतात, ताल वळणं घेतो, गिटार ओरडण्यापेक्षा बोलते जास्त. पूर्वीची चमकधमक ओसरून आवाजात जाणतेपण आलं आहे.

आपल्या मातीला हे नवं नाही. आपल्याच तालुक्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी थोरामोठ्यांच्या गायकीची हुबेहूब नक्कल करत आणि वाहवा मिळवत. पुढे क्षयाच्या आजाराने त्यांना देवासमध्ये अंथरुणाला खिळवलं. त्यानंतर जे गाणं आलं, ते माळव्याच्या लोकधुनांतून उगवलेलं आणि पूर्णपणे त्यांचं स्वतःचं होतं. बाज वेगळा असला, तरी वाट तीच : आधी नक्कल, मग शोध, मग स्वतःचा सूर.

एक रुखरुख मात्र राहतेच. इंडस क्रीडने नाव सिंधूचं घेतलं, पण त्यांचं गाणं इंग्रजीतच राहिलं. आपण भाषेसाठी मोर्चे काढतो, दरवर्षी साहित्य संमेलन भरवतो. मग गिटार हातात घेणाऱ्या आपल्या मुलाला मराठीत गाणं का सुचू नये? आणि सुचलं, तर ‘हा काय धांगडधिंगा’ म्हणून आपण त्याला गप्प तर करणार नाही ना?

येत्या रविवारी हे अल्बम सालाच्या क्रमाने मुलांसोबत ऐकून पाहा. कुठला जास्त आवडला यावर घरात वाद होईल. तो जरूर होऊ द्या. आणि तो मराठीतच होईल, हे काय कमी आहे?