श्वासाच्या गढीतील शिबंदी

१९६३ साली स्वीडनमधील माल्मो येथे कार्ल-बेर्टिल लॉरेल हे शास्त्रज्ञ रुग्णांच्या रक्तद्रवातील प्रथिने विजेच्या साहाय्याने पृथक् करून कागदी पट्ट्यांवर उमटलेले त्यांचे ठसे न्याहाळीत होते. सुमारे दीड हजार पट्ट्या नजरेखालून गेल्या, तेव्हा त्यांपैकी पाचांवर एका ठरावीक जागी असावयास हवा तो ठसाच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. आणि स्टेन एरिक्सन या तरुण सहकाऱ्यासह त्या पाच रुग्णांची दप्तरे काढून पाहता, त्यांतील तिघांची फुफ्फुसे एम्फिसीमाने, म्हणजे वायुकोशांच्या भिंती झिजून फुफ्फुस पोकळ होण्याच्या व्याधीने, ग्रासली होती असे आढळले. रक्तात जे नव्हते त्यावरून फुफ्फुसात काय घडते याचा सुगावा लागला, तो असा.

आपल्याकडे ज्याला धाप लागते तो दमेकरी, असा सरसकट हिशेब असतो. परंतु वर्षानुवर्षांचा खोकला, बेडका आणि हळूहळू वाढत जाणारी धाप ही लक्षणे पुष्कळदा दम्याची नसून, एम्फिसीमाही ज्यात मोडतो त्या सीओपीडी या निराळ्या रोगाची असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे एकट्या २०१९ साली या रोगाने जगात बत्तीस लाखांवर माणसे दगावली. त्याचे मूळ बहुतांशी धुरात आहे हे खरे. तथापि फुफ्फुसाची नासाडी एकटा धूर करीत नाही. तिच्यात मोठा वाटा आहे तो आपल्याच रक्षक पेशींचा.

मराठी राज्यकारभारात मुलुखाच्या बंदोबस्तासाठी शिबंदी ठेवीत. संकट टळल्यावर अशा फौजेला वेळीच रजा दिली नाही, तर जिच्या रक्षणार्थ ती ठेवली त्या रयतेवरच तिचा भार पडावा, हे उघड आहे. फुफ्फुसाची गत काहीशी अशीच आहे. तेथे तीस कोटींहून अधिक वायुकोश असून त्यांच्या तलम भिंतींत इलॅस्टिन या प्रथिनाचे लवचीक धागे विणलेले असतात. श्वास सोडताना फुफ्फुस आपसूक आकसते ते याच धाग्यांमुळे. या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पेशींचा कायमचा पहारा असतो. आत आलेला धूलिकण, जंतू, मेलेली पेशी, जे दिसेल ते गिळून जागा साफ ठेवणे हे त्यांचे नित्यकर्म. विडीचा धूर आत शिरला की त्या रासायनिक संदेश धाडून कुमक मागवितात, आणि रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या टोळ्या धावून येतात.

न्यूट्रोफिलांच्या पोटातील कणिकांत इलॅस्टेज हे विकर असते. जंतूंचा नाश करण्याच्या कामी ते उपयोगी पडते. पण बाहेर सांडले की इलॅस्टिनचे धागेही कुरतडते. म्हणून यकृतात तयार झालेले अल्फा-वन अँटिट्रिप्सिन हे प्रथिन रक्तावाटे फुफ्फुसात पोहोचून त्या विकराचा हात धरते. माल्मोच्या पाच पट्ट्यांवर ठसा नव्हता तो नेमका या प्रथिनाचा. आता बहुसंख्य रुग्णांत हे प्रथिन जन्मतः पुरेसे असते; परंतु धुरातील ऑक्सिडीकारक द्रव्ये त्यालाच निकामी करतात, आणि मग सांडलेल्या विकराला आवर घालणारे कोणी उरत नाही. खुद्द मॅक्रोफेजही या नासाडीत सामील असतात. त्यांच्याकडचे असेच एक धागे तोडणारे विकर ज्या उंदरांत उपजत नव्हते, त्यांना महिनोन्महिने सिगारेटचा धूर देऊनही एम्फिसीमा झाला नाही, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले.

याहून चमत्कारिक गोष्ट ही की, विडी सोडल्यावरही अनेक रुग्णांत हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. लिम्फोसाइट पेशी, विशेषतः बाधित पेशींना मारण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्या, श्वासनलिकांच्या भिंतींत ठाण मांडतात, आणि रोग बळावला की तेथे त्यांच्या छावण्याच उभ्या राहतात. इकडे मॅक्रोफेजांची संख्या कैक पटींनी वाढलेली असते, पण जंतू गिळण्याची त्यांची ताकद मात्र खालावलेली असते. पहारेकरी उदंड आणि पहारा ढिला, अशा या अवस्थेत जंतुसंसर्ग वारंवार होतो, आणि प्रत्येक संसर्गाबरोबर नवी कुमक येऊन नासाडीत भर पडते.

हा रोग केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, ही समजूत मात्र टाकून द्यावयास हवी. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधले. लाकूडफाटा व गोवऱ्यांचा धूर, कामाच्या जागची धूळ, पूर्वी होऊन गेलेला क्षय ही त्याची कारणे होत. जन्मात विडीला न शिवलेल्या, पण उभी हयात चुलीपुढे फुंकणी घेऊन काढलेल्या बाईची धाप या दृष्टीने पाहिली पाहिजे.

मग ही शिबंदी समूळ मोडून का टाकू नये? कारण तीच आपले रक्षणही करते. दाह दडपण्यासाठी श्वासावाटे स्टेरॉइड दिले, तर त्यानेच न्यूमोनियाचा धोका वाढतो. शिवाय न्यूट्रोफिलांवर त्याची मात्रा फारशी चालत नाही. ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल या पेशी अधिक, त्यांना त्याचा गुण चांगला येतो. अशाच रुग्णांसाठी डुपिलुमॅब या औषधाला २०२४ साली युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली. अमुक रुग्णाच्या फुफ्फुसात कोणती पेशी उपद्रव करते हे ओळखून तेवढीच आवरावी, असा हा नवा मार्ग आहे.

झिजलेली भिंत कोणत्याही औषधाने पुन्हा बांधून निघत नाही. धूर थांबला, तर झीज मंदावते एवढे मात्र खात्रीचे आहे. म्हणून जिना चढताना लागणारी धाप वयाच्या खाती न मांडता, नळीत जोराने फुंकर मारण्याची स्पायरोमेट्री ही साधी चाचणी करून घ्यावी. गढीची मोजदाद तट शाबूत असतानाच झालेली बरी.