धनगराच्या कुत्र्याचें शिक्षण

विलायती मेंढपाळाचा कुत्रा कसा काम करितो हें आतां आपल्या घरोघरच्या मुलांस ठाऊक आहे. पडद्यावर त्यांनीं तो पुष्कळ वेळां पाहिलेला असतो. डोंगराच्या उतारावर मेंढरें पांगलेलीं असतात, दूर फाटकाशीं उभा असलेला धनी एक शीळ घालतो, आणि काळापांढरा कुत्रा पोट जमिनीशीं नेऊन, मोठा वळसा घेऊन, तीं सारीं मेंढरें पाण्याच्या लोटाप्रमाणें खालीं आणून सोडितो. हें पाहून आमच्या घरांतील मुलें म्हणतात कीं, आपल्या धनगरांचीं कुत्रीं मात्र नुसतीं पडून असतात. त्यांना कोणी कांहीं शिकविलेलेंच नाहीं! अडतीस वर्षें ज्यानें मुलांस शिकविण्याचाच व्यवसाय केला, त्याला हा आक्षेप तसाच सोडून देववेना. म्हणून निवृत्तीनंतर दर वर्षीं, दिवाळी सरून रानें मोकळीं झालीं कीं, मी छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेहून, खुलताबाद, गंगापूर, वैजापूर या बाजूस निघतों आणि शेतांत उतरलेल्या धनगरांच्या वाड्यावर जाऊन बसतों. पुढें जें सांगणार आहें तें कांहीं तेथें ऐकलेलें, कांहीं पुस्तकांत वाचलेलें आहे.

प्रथम कामांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मेंढरें वळणारा कुत्रा निराळा व मेंढरें राखणारा कुत्रा निराळा. वळणाऱ्या कुत्र्याचें सारें कसब मुळांत लांडग्याचें आहे. भक्ष्यावर नजर रोखणें, दबा धरणें, पाठलाग करणें, चावा घेणें आणि ठार मारणें, अशा लांडग्याच्या शिकारीच्या पायऱ्या. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील मेंढपाळांनीं पिढ्यान् पिढ्या निवड करून पहिल्या तीन पायऱ्या राखल्या व शेवटच्या दोन मंद केल्या. शिक्षण म्हणून जें काय असतें तें या पाठलागाला लगाम घालण्याचें: डावीकडून जा, उजवीकडून जा, थांब, नीज. या विद्येच्या परीक्षाहि तेथें होतात. वेल्समधील बाला या गांवीं १८७३ सालीं अशा शर्यती भरल्या होत्या आणि १९०६ सालीं त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. नॉर्थंबरलंडांत १८९३ सालीं जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ नांवाचा एक कुत्रा आजच्या बहुतेक बॉर्डर कॉली कुत्र्यांचा मूळ पुरुष समजला जातो. कुळाचा अभिमान केवळ मनुष्यांतच असतो असें नाहीं!

परंतु ही विद्या तेथें वाढली याचें कारण तेथील परिस्थितींत आहे. ब्रिटनमधून लांडगा नाहींसा होऊन तीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. राखण्यासारखें भय उरलें नाहीं, वळण्याचें काम मात्र उरलें. आपल्याकडे नेमकें उलट आहे. आपला धनगर मेंढरांबरोबर स्वतः चालतो. त्याची हाळी आणि हातांतली काठी यांवर कळप वळतो. वाटेच्या दोन्ही बाजूंस कुंपणावांचून ज्वारी, कापूस, हरभरा उभा असतो. तेथें एखादा चपळ कुत्रा मेंढरांमागें धावूं लागला तर मेंढरें बुजून पिकांत शिरावयाचीं आणि सायंकाळीं पाटलाच्या दारीं भांडण उभें राहावयाचें. धनगराला कुत्रा हवा तो रात्रीसाठीं. वाघर लावून, म्हणजे दोरीच्या जाळ्याचें कुंपण करून, त्यांत मेंढरें कोंडलीं कीं घोंगडी पांघरून निजलेल्या दोनचार माणसांच्या भरंवशावर ती सारी मालमत्ता उघड्या माळावर असते. लांडगा येतो तो याच वेळीं.

तेव्हां धनगरी कुत्र्याचा पहिला गुण असा कीं, त्याला पाहून मेंढरानें पळतां कामा नये, व पळालेंच तर कुत्र्याला त्यामागें धांवण्याची इच्छा होतां कामा नये. वळणाऱ्या कुत्र्याला जें शिकवितात तें याला मुळीं उमटूंच द्यावयाचें नाहीं. हें आज्ञा करून साधत नाहीं. मीं एका वृद्ध धनगरास विचारलें, “बाबा, तुम्ही याला शिकवितां तरी कसें?” तो हंसून म्हणाला, “गुर्जी, आमी काय शिकवितो? मेंढरं शिकवित्यात.”

याचा अर्थ मला पुढें प्रत्यक्ष पाहून कळला. वाड्यावरची कुत्री वाघरीच्या आडोशालाच विते. सकाळीं कळप चरावयास गेला कीं नुकतीं जन्मलेलीं कोकरें चालवत नाहींत म्हणून बिऱ्हाडाजवळ मागें ठेवितात. पिलें डोळे उघडून लुटुलुटु चालूं लागतात तीं याच कोकरांत. तीं त्यांच्या अंगावर निजतात, त्यांच्या लोकरीचा वास नाकांत भरून घेतात. प्राणिशास्त्रज्ञ सांगतात कीं, कुत्र्याच्या पिलाच्या आयुष्यांत तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ असा असतो कीं, त्यांत ज्याचा सहवास घडेल त्यालाच तें आपला गोत समजतें. हा काळ टळला कीं तितका पक्का संस्कार पुन्हां होणें नाहीं. गृह्यसूत्रकारांनीं ब्राह्मणबटूच्या उपनयनाला आठवें वर्ष नेमून दिलें. कुत्र्याच्या उपनयनाला निसर्गानें मोजके आठवडेच नेमले आहेत, आणि तेथें उशिराच्या मुंजीला प्रायश्चित्त नाहीं.

हीच रीत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला चार्ल्स डार्विननें पाहिली होती. १८३३ सालीं आजच्या उरुग्वे देशांतून घोड्यावरून प्रवास करीत असतां, वस्तीपासून कोसगणती दूर, मनुष्य जवळ नसतां, एकदोन कुत्रे मोठाले कळप राखीत असलेले त्याला दिसले. त्यानें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, पिलूं अगदीं लहानपणीं आईपासून तोडितात, दिवसांतून तीनचार वेळां एखादी मेंढी धरून तिचें दूध त्याला पाजतात, मेंढवाड्यांत लोकरीचें अंथरूण करून त्यावर त्याला निजवितात, आणि इतर कुत्र्यांशीं किंवा घरच्या मुलांशीं त्याला खेळूं देत नाहींत. पुढें अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील हॅम्पशायर कॉलेजांत रेमंड कॉपिंजर यांनीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्थान येथून राखण्या कुत्र्यांचीं पिलें आणून तेथील शेतकऱ्यांच्या कळपांत सोडिलीं व वर्षानुवर्षें निरीक्षण केलें. त्यांचा निष्कर्ष आमच्या धनगराच्या एका वाक्याहून फारसा निराळा नाहीं. टिपणें मात्र पुष्कळ अधिक आहेत.

मेंढरें शिकवितात हें खरें असलें तरी धनगर स्वस्थ बसतो असें नाहीं. भाकरी द्यावयाची ती वाघरीपाशीं, बिऱ्हाडाच्या चुलीपाशीं नाहीं. म्हणजे पोट आणि कळप यांची सांगड पडते. मेलेल्या कोकराचें मांस पिलाच्या तोंडीं लागूं द्यावयाचें नाहीं. उगाच कुरवाळावयाचें नाहीं. परंतु धन्याचा हात ओळखीचा मात्र असला पाहिजे, नाहींतर दुखल्याखुपल्या वेळीं धरतां येत नाहीं. रात्रीं पिलूं म्हाताऱ्या कुत्र्याशेजारीं बांधावयाचें. म्हातारा कोणत्या आवाजाला उठतो व कोणत्या आवाजाला नुसता कान हलवून पुन्हां निजतो, हें तें पाहून शिकतें. कोल्ह्याच्या प्रत्येक कुईला भुंकणारा कुत्रा दोन रात्रींत धन्याचा विश्वास घालवितो; तिसऱ्या रात्रीं लांडगा आला तरी कोणी उठत नाहीं.

सर्वांत अवघड पाठ पुढेंच आहे. धनगर सांगतात कीं लांडगे बहुधा जोडीनें येतात. एक समोर दिसतो, कुत्र्यांना मागें लावून लांब नेतो, आणि तेवढ्यांत दुसरा मागच्या बाजूनें कोकरूं उचलतो. म्हणून ज्याला अंगावर धांवून जातां येतें पण शंभर पावलांवरून परततां येतें, तो कुत्रा खरा. शूर कुत्रे पुष्कळ मिळतात, परतणारे थोडे. आणि हें परतणें काठीनें शिकवितां येत नाहीं. अंधारांत काठी पोंचणार किती? तें त्या बाळपणच्या सहवासांतून येतें. कळपाकडेच ज्याचें घर आहे, तो घराकडे परततो.

एके वर्षीं या वृद्धाच्या वाड्यावर मोठा पेंच पडलेला मीं पाहिला. त्याच्या सर्वोत्तम कुत्रीचा पांच महिन्यांचा छावा खेळतां खेळतां कोकरांमागें धांवूं लागला आणि एकाचा कान त्यानें फाडला. थोरल्या मुलाचें म्हणणें, रक्ताची चव लागली, आतां याला गांवांत सोडून द्या. धाकटी सून म्हणे, याच्या आईनें मागल्या वर्षीं आपलें निम्मेंअधिक धन वांचविलें, त्याच्यासाठीं एवढें तरी करा. म्हातारा दोन दिवस कांहींच बोलला नाहीं. मग त्यानें छाव्याला कोकरांतून काढून मोठ्या एडक्यांत नेऊन बांधलें. एडके कसले खेळ चालूं देतात! पहिल्याच दिवशीं त्याला अशा धडका बसल्या कीं, पुढें त्याला मेंढराशेजारून वांकून जाण्याची संवय लागली. “दोन म्हयने बघतो,” म्हातारा म्हणाला, “न्हाई सुधारला तर थोरल्याचं खरं.” मीं शाळेंत असतांना अशा मुलांस वर्गाबाहेर उभें करीत असूं. त्यांस थोरांच्या संगतींत बसविण्याची युक्ति आमच्या ट्रेनिंग कॉलेजांत कोणी सांगितली नव्हती. माघांत पुन्हां गेलों तेव्हां छावा मोकळा होता. कान फाटलेलें तेंच कोकरूं त्याच्या पाठीला टेकून रवंथ करीत होतें.

आपल्या शास्त्रीपंडितांस कुत्र्याचा विटाळ. तरी आपल्या वाङ्मयाला तो परका नाहीं. ऋग्वेदांतील सरमा पणींनीं लपविलेल्या गाई शोधावयास निघाली, म्हणजे तिचें पहिलें काम पशुधनाचेंच. महाभारताच्या आरंभीं जनमेजयाच्या भावांनीं अपराधावांचून मारलेलें सरमेचें पोर आहे आणि शेवटीं युधिष्ठिरानें ज्याच्यासाठीं स्वर्ग नाकारला तो कुत्रा आहे. कौटिल्य तर व्यवहारच सांगतो: गुरें चारावयाचें रान आधीं व्याध व कुत्रीं बाळगणारे यांच्याकडून चोर व श्वापदें यांपासून निर्भय करून घ्यावें. शहराला लागून असलेल्या सातारा गांवच्या खंडोबाला आपल्यापैकीं पुष्कळ जण जातात. त्या देवाजवळ कुत्रा असतो, तो कोणाच्या घरून आला हें सांगण्याची गरज नाहीं.

आतां या शिक्षणावर तीन बाजूंनीं संकट आहे. गायरानें आटलीं, वाळूज व शेंद्र्याकडे कारखाने झाले. धनगरांचीं मुलें शाळेंत जातात, हें उत्तमच. परंतु पिलाच्या त्या मोजक्या आठवड्यांत वाड्यावर राहणारें माणूस कमी झालें. दुसरें संकट मोकाट कुत्र्यांचें. तीं धनगरी कुत्र्यांत मिसळतात, लांडग्यांतहि मिसळतात. पुण्याजवळ लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानें दाखविलें. लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे, त्याला मारतां येत नाहीं व मारूंहि नये. मग राखण चांगली असण्यावांचून धनगराला गति नाहीं. तिसरें संकट रोगाचें. पिसाळण्याचा रोग सर्वांस माहीत आहे. डिस्टेंपर हा दुसरा, ज्यानें २०१८ सालीं गीरच्या सिंहांनाहि गांठलें. या दोहोंवर लशी आहेत. परंतु आज एका तालुक्यांत व उद्यां दुसऱ्यांत असलेल्या वाड्याला दवाखान्याची वेळ सांपडत नाहीं.

ज्यांची शेती खेड्यावर आहे अशा वाचकांनीं या हंगामांत शेतांत मेंढरें बसवितांना एवढें करावें: लेंडीखताचा मोबदला ठरवितेवेळींच तालुक्याच्या पशुवैद्यकांस निरोप धाडून वाड्यावरच्या कुत्र्यांना तेथेंच लस टोंचवून घ्यावी, पिलांना ती सहा आठवड्यांनंतर सुरू होते व पिसाळण्यावरची तिसऱ्या महिन्यांत देतात. आणि मुलांना बरोबर नेलें तर पिलांना उचलूं देऊं नये, बिस्किटें घालूं नयेत. त्यांचा अभ्यास चालू असतो.