टाके विरघळतात, मग स्क्रू का नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा मजकूर.

"पाय मोडला, प्लेट टाकली" किंवा "रॉड टाकला" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. ती प्लेट स्टीलची किंवा टायटॅनियमची असते. मोठ्या माणसाला त्रास होत नसेल तर ती बहुतेक वेळा आतच राहू देतात. पण ती टोचत असेल, जंतुसंसर्ग झाला असेल किंवा पेशंट वाढत्या वयाचं मूल असेल, तर काढायला अनेकदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा सुट्टी आणि पुन्हा खर्च. मग साहजिकच वाटतं, की टाके विरघळतात तर स्क्रू का नाही?

तर विरघळणारे स्क्रू आहेत. पण खरी गोम विरघळण्यात नाही, वेळेत आहे.

स्लॅबचं सेंट्रिंग आठवा. लवकर काढलं तर स्लॅब खाली येणार. हाडाचंही तसंच. मनगटाचं हाड जुळायला साधारण 6 आठवडे लागतात, मांडीच्या हाडाला कित्येक महिने. तोपर्यंत स्क्रूने दम धरला पाहिजे, आणि मग हळूहळू भार हाडाकडे सोपवला पाहिजे. हाड भार सोसूनच मजबूत राहतं. टायटॅनियमचा ताठपणा सुमारे 110 गिगापास्कल, हाडाच्या कठीण भागाचा 15 ते 20. त्यामुळे सगळा भार प्लेटच उचलत राहिली, तर तिच्याखालचं हाड कमकुवत होऊ शकतं. मॅग्नेशियमचा ताठपणा सुमारे 45, म्हणजे हाडाच्या बराच जवळ. शिवाय मॅग्नेशियम आपल्या शरीरात असतंच, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत.

मग अडलं कुठे? 1907 च्या सुमारास बेल्जियमचे सर्जन आल्बिन लांबोत यांनी मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची प्लेट बसवली. ती ठोकायला खिळे मात्र सोन्याचा मुलामा दिलेले, स्टीलचे! दोन वेगळे धातू आणि मध्ये शरीरातलं खारं पाणी, म्हणजे आत चक्क बॅटरीचा सेलच तयार झाला. 8 दिवसांत प्लेटचे तुकडे झाले आणि कातडीखाली गॅस साठला. हा गॅस हायड्रोजन. 1 ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण विरघळलं तर साधारण 1 लिटर हायड्रोजन तयार होतो. सावकाश झालं तर शरीर तो जिरवतं, घाईने झालं तर फुगा येतो.

दुसरा रस्ता पॉलिमरचा. 1984 मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत घोट्याच्या फ्रॅक्चरसाठी पॉलिग्लायकोलिक ॲसिडच्या सळया वापरल्या गेल्या. विरघळणारे टाके याच पदार्थाचेही बनतात. पण त्याची ताकद काही आठवड्यांतच ओसरते, आणि काही पेशंटना तिथे सूज येऊन पाणी झालं. त्याचा भाऊबंद पॉलिलॅक्टिक ॲसिड उलट टोकाचा. त्याचे काही प्रकार पूर्ण जायला वर्षानुवर्षं घेतात. एक घाईचा, एक आळशी!

म्हणून मॅग्नेशियममध्ये इट्रियमसारखी मूलद्रव्यं मिसळून त्याचा वेग कमी केला गेला. 2013 मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या अशा एका स्क्रूला युरोपात विक्रीची मान्यता मिळाली. त्याआधी पायाच्या वाकड्या अंगठ्याच्या ऑपरेशनात 26 पेशंटवर त्याची टायटॅनियमशी तुलना झाली होती. 6 महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण 26 म्हणजे फार लहान आकडा, हे लक्षात असू द्या.

आज हे स्क्रू मुख्यतः लहान हाडांसाठी आणि कमी भाराच्या जागी वापरले जातात. मांडीच्या हाडाला अजून स्टील आणि टायटॅनियमच.

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ही प्लेट पुढे काढावी लागेल का? इथे विरघळणारा पर्याय चालेल का? आणि त्याची ताकद किती आठवडे टिकते? मॅग्नेशियमचा स्क्रू बसवला असेल, तर पुढे कुठेही एक्स-रे काढताना तसं आधी सांगा. गॅसमुळे स्क्रूभोवती काळसर कडा दिसू शकते, आणि नवख्या डोळ्याला ती जंतुसंसर्गासारखी वाटू शकते.

प्रश्न असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!