रांगेत तुटलेले अक्षर

‘क्षितिज’ हा शब्द वाचणाऱ्याला ३ अक्षरांचा दिसतो: क्षि, ति, ज. युनिकोडच्या हिशेबात त्यात ७ चिन्हे आहेत: क, हलन्त, ष, वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज. तोच शब्द यूटीएफ-८ पद्धतीने फाइलमध्ये साठवला की डिस्कवर २१ बाइट उतरतात. या तिन्ही मोजण्या बरोबर आहेत. फाइल वाचणारा प्रोग्राम त्यांपैकी कोणती धरून चालतो, यावर मराठी मजकूर धड राहणार की विस्कटणार हे ठरते. त्यासाठी आधी फाइल म्हणजे काय मानले गेले, ते पाहायला हवे.

नोंदींकडून बाइटांकडे

१९६० च्या दशकात मोठ्या संगणकांवर फाइल म्हणजे नोंदींचा गठ्ठा असे. पंचकार्डावर ८० रकाने, म्हणून नोंदही बहुधा ८० अक्षरांची. आयबीएमच्या ओएस/३६० वर काम करताना नोंदीची लांबी किती, ती ठरावीक की कमीजास्त, किती नोंदींचा एक ठोकळा, हे सगळे मांडून ठेवावे लागे. माहितीचा आकार फाइलच्या व्याख्येतच ठोकून बसवलेला असे.

१९६९ मध्ये न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जने मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या छोट्या संगणकावर नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची सुरुवात केली. डेनिस रिची सोबत होते. तीच पुढे युनिक्स झाली. तिच्यात फाइल म्हणजे एकामागून एक लावलेले बाइट, एवढेच. ओळ कुठे संपते, रकाना कुठे सुरू होतो, याच्याशी सिस्टीमला देणेघेणे नाही. फाइल उघडा, वाचा, लिहा, बंद करा. कळफलक असो, छपाईयंत्र असो की डिस्कवरची फाइल, रीत तीच.

एका प्रोग्रामचा निकाल थेट दुसऱ्याला जोडता यावा, असे डग मॅकिलरॉय यांनी बेल लॅब्जमध्ये १९६४ च्या एका टिपणात लिहून ठेवले होते. १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आला आणि ते साधले. प्रत्येक प्रोग्राम बाइटांची रांगच घेत आणि देत असल्यामुळे जोडणीसाठी वेगळी बोलणी करावी लागली नाहीत. सी भाषेत माइक लेस्क यांच्या लायब्ररीतून वाढलेली, वाचण्या-लिहिण्याची ‘एसटीडीआयओ’ ही लायब्ररी १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर सर्वत्र गेली. सी++, जावा, पायथन यांतले स्ट्रीम, म्हणजे बाइटांच्या अशाच रांगा, याच घराण्यातले.

सगळे एकदम कशाला?

स्ट्रीमचा फायदा एका उदाहरणातून पाहू. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. त्यातले सगळे लेख दाबून एका मोठ्या एक्सएमएल फाइलच्या रूपात कुणालाही उतरवून घेता येतात. ती फाइल सोडवून अख्खी मेमरीत ओतायचा प्रयत्न केला तर साधा लॅपटॉप टेकीला येतो. स्ट्रीमने वाचली की प्रश्नच उरत नाही. ठरावीक मापाचा तुकडा घ्यायचा, त्यातून हवे ते काढायचे, त्याच जागेत पुढचा तुकडा घ्यायचा. फाइल दसपट झाली तरी मेमरी तेवढीच लागते. या तात्पुरत्या जागेला बफर म्हणतात. तिचे माप बहुधा ४,०९६ किंवा ८,१९२ बाइटांचे असते, आणि मराठीची अडचण नेमकी तिथे आहे.

४,०९६ ला ३ ने भाग जात नाही

यूटीएफ-८ ची आखणी सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात जेवणाच्या टेबलावर केली. इंग्रजी अक्षराला १ बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४.

आता सलग देवनागरी मजकुरातून ४,०९६ बाइटांचा पहिला तुकडा घ्या. त्यात १,३६५ चिन्हे पुरी बसतात आणि १ बाइट उरतो. पुढचे चिन्ह ‘म’ असेल तर २२४ या तुकड्यात, १६४ आणि १७४ पुढच्यात. ८,१९२ घेतले तर २ बाइट उरतात. बफराची मापे २ च्या घातांत असतात आणि अशा कुठल्याही संख्येला ३ ने भाग जात नाही. प्रत्यक्ष मजकुरात मोकळ्या जागेला आणि ओळ संपल्याच्या खुणेला एकेकच बाइट लागतो, म्हणून तुटण्याची जागा सरकत राहते. कधी तुकडा नीट संपतो, कधी अक्षर मध्येच चिरते. प्रोग्रामने प्रत्येक तुकडा सुटा सुटा उलगडला, तर ‘म’च्या जागी काळ्या शंकरपाळ्यात बसवलेली पांढरी प्रश्नचिन्हे उमटतात. चाचणीसाठी घेतलेली चार ओळींची फाइल एकाच तुकड्यात मावते, त्यामुळे दोष दिसत नाही. इंग्रजी मजकुरात तर तो कधीच दिसत नाही. म्हणून तो सहज सुटून जातो.

उपाय यूटीएफ-८ च्या रचनेतच आहे. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, नंतरचे दोन १२८ ते १९१ च्या दरम्यान. त्यामुळे चिन्ह अपुरे आहे हे वाचणाऱ्याला कळते. उरलेले बाइट बाजूला ठेवून पुढच्या तुकड्याला जोडायचे. १९९७ मध्ये जावाच्या १.१ आवृत्तीने अक्षरांसाठी वेगळे ‘रीडर’ आणि ‘रायटर’ दिले, ते हेच काम करतात. पायथन ३ मध्ये फाइल मजकूर म्हणून उघडली की हीच काळजी आतल्या आत घेतली जाते. पण ‘क्ष’ मधले क, हलन्त आणि ष दोन तुकड्यांत विभागले जाणे तरीही शक्य असते. मजकूर उलटा करणारा, कापणारा किंवा अक्षरे मोजणारा प्रोग्राम लिहिताना जोडाक्षराचे भान लिहिणाऱ्यालाच ठेवावे लागते.

रांगेतल्या बाइटांचा अर्थ सांगणारी चिठ्ठी साध्या मजकुराच्या फाइलसोबत नसते. तीच ‘म’ची त्रयी विंडोज-१२५२ या दुसऱ्या पद्धतीतली समजून वाचली, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाचे चिन्ह आणि वर्तुळातला ‘आर’ दिसतो. अशी विचित्र चिन्हांची भरताड मराठी वाचकाने कधी ना कधी पाहिलेली असते. जावाचा प्रोग्राम एन्कोडिंग, म्हणजे बाइटांचा अर्थ लावायची पद्धत, न सांगता लिहिला, तर पूर्वी तो त्या संगणकाच्या सवयीनुसार चाले. एका ठिकाणी मराठी नीट, दुसरीकडे चिखल. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हाच नियम झाला. तरीही एन्कोडिंग स्पष्ट लिहावे, कारण जुन्या आवृत्त्या अजून कामावर आहेत.

लिहिले म्हणजे उतरले?

लिहिण्याच्या बाजूला धोका वेगळा आहे. लिहिण्याची आज्ञा यशस्वी झाली तरी मजकूर आधी प्रोग्रामच्या बफरात, मग कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, मेमरीत असतो; डिस्कवर नंतर पोचतो. ‘फ्लश’ केले तर पहिला टप्पा पार होतो. दुसऱ्यासाठी ‘एफसिंक’ लागते.

२००९ च्या सुरुवातीला लिनक्सची ext4 ही नवी फाइल सिस्टीम वापरणाऱ्या काहींना संगणक अचानक बंद पडल्यावर सेटिंगच्या फाइली ० बाइटांच्या झालेल्या आढळल्या. प्रोग्राम जुनी फाइल रिकामी करून नवा मजकूर लिहीत होते. आधीची ext3 तो सुमारे ५ सेकंदांत डिस्कवर उतरवी. ext4 वेग साधण्यासाठी जागा देणे लांबवे, कधी अर्ध्या मिनिटाहून जास्त. तेवढ्यात वीज गेली की जुने पुसलेले, नवे न आलेले. पुढे कर्नलमध्ये डागडुजी झाली, पण खरी रीत जुनीच आहे: मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, एफसिंक करा, यश मिळाले का ते तपासा आणि मगच तिला मूळ फाइलचे नाव द्या.

तपासणे महत्त्वाचे का, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकसकांना कळले. लिनक्सवर एकदा फसलेले एफसिंक पुन्हा केले की ते यशस्वी झाल्याचे सांगू शके, मजकूर मात्र हरवलेला असे. तेव्हापासून पोस्टग्रेस असे अपयश आले की काम थांबवतो आणि बदलांच्या नोंदवहीतून माहिती पुन्हा उभी करतो.

युनिक्सने फाइलमधून अर्थ काढून घेतला म्हणून साधने सुटसुटीत झाली, आणि त्याच मोकळेपणामुळे देवनागरीलाही त्या रांगेत शिरता आले. ८० रकान्यांच्या चौकटीत तिची सोय नव्हती. पण काढलेला अर्थ परत घालण्याचे काम प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या वाट्याला आले. मराठी कोश, सातबारा, जुनी मासिके आता फाइलींमध्ये येत आहेत. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने हजारो जोडाक्षरांची, बफराहून मोठी फाइल चाचणीला घ्यावी. मराठीचा कस तिथेच लागतो, आणि तो इंग्रजी फाइलवर कधीच लागणार नाही.