छत्रीतले औषध, छत्रीतला रंग



पाऊस लागला की बांधावर, शेणखतावर, कुजत्या पाचटात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात. आपण त्या पायाने मोडून पुढे जातो. गेल्या हंगामात मात्र वजनकाट्यापाशी गाड्या नंबरला लागल्या असताना एक फिरता विक्रेता अळिंबीची पावडर विकून गेला. शुगर, सांधे, कॅन्सर, सगळ्यावर एकच पुडी! आमच्यातल्या एकाने ती सुरू करून शुगरच्या गोळ्या बंद केल्या. महिनाभरात त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. म्हणून हा विषय.

अळिंबीत औषध नाही असे नव्हे. कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखे कठीण फणसआळंबे येते. लहान मुलाचे तोंड आले, लाळ फार गळू लागली, तर ते सहाणेवर उगाळून लावतात. ही झाली घरगुती रीत. जपानात शिताके अळिंबीतून लेंटिनान नावाचा पदार्थ काढला गेला व १९८५ मध्ये जठराच्या कॅन्सरवर त्यास मान्यता मिळाली. पण तो शुद्ध करून, इंजेक्शनने आणि मुख्य औषधांच्या जोडीला दिला जाई. कोलेस्टेरॉल उतरविणारे लोव्हास्टॅटिन बुरशीपासूनच काढतात. धिंगरीतही त्याचा अंश असतो, पण कमी-जास्त. त्याचा डोस कसा धरणार? धिंगरीची भाजी खुशाल खावी, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.

रंगाचे बरे असते, उतरला की नाही ते डोळ्यांना दिसते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो येथे मिरियम राईस या बाईंनी रानातल्या अळिंब्या उकळून लोकर रंगवून पाहिली आणि १९७४ मध्ये त्यावर पुस्तक काढले. ओंडक्यावर घोसाने येणाऱ्या एका अळिंबीचा छान पिवळा रंग त्यांना मिळाला. उत्तर युरोपातल्या सूचिपर्णी रानांत रक्तासारखी लाल अळिंबी येते, तिचा तांबडा रंग देखणा. कृती सोपी: लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मुरवायची, मग अळिंबीच्या काढ्यात तासभर मंद आचेवर ठेवायची. सुतावर मात्र हा रंग लोकरीइतका चढत नाही.

गंमत अशी, की ती पिवळा रंग देणारी अळिंबी विषारी आहे. त्यामुळे रंगाचे पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेत नाहीत. चांदीचे नाणे काळे पडले तरच अळिंबी विषारी, ही आपल्याकडची परीक्षाही खोटी आहे. सर्वांत घातक जातींचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा तासांहून अधिक वेळ लागतो. तेव्हा रानातली ओळखू येत नसेल तर घरी आणू नये, आणि कुणी खाल्लीच असेल तर उरलेला तुकडा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.