शेळी अडली, तर घड्याळ पाहा

गेल्या हिवाळ्यात मुखेड तालुक्यात आमच्या खालाची काळी शेळी गेली. इशाच्या नमाजानंतर तिला कळा सुरू झाल्या होत्या. "बकरीच आहे, आपोआप व्याईल," म्हणून घरातली सगळी झोपली. मध्यरात्री पाहिले तर एकच पाय बाहेर लोंबत होता. शेजारच्या दोघांनी तो धरून ओढला, जोर लावून ओढला. फजरच्या अजानपर्यंत शेळी गेली आणि पोटातली दोन करडेही गेली. खाला बेवा आहेत. ती करडे वाढवून पुढच्या वर्षीच्या बकरी ईदला विकायची आणि मुलीच्या प्रवेशाची फी भरायची, असा त्यांचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तू शाळेत एवढं शिकवतेस, हे आम्हाला कुणी कधी शिकवलं का?"

तेव्हापासून आम्ही पशुवैद्यकांना विचारत आलो आहोत, ओळखीच्या घरी शेळी व्यायला झाली की जाऊन बसत आलो आहोत. त्यातून उमगलेली गोष्ट सोपी आहे. शेळी अडली की दोनच चुका जीव घेतात: नको तेव्हा ओढणे आणि हवे तेव्हा डॉक्टरांना न बोलावणे. खालाच्या घरी त्या रात्री दोन्ही झाल्या.

आपल्या भागातली शेळी बहुतेक उस्मानाबादी. लातूर 1982 साली वेगळा जिल्हा झाला, उस्मानाबादचे आता धाराशिव झाले, पण शेळीचे नाव तेच राहिले. ही शेळी काटक आणि जुळी देण्यात पुढे. जुळी म्हणजे बरकत खरीच, पण दोन करडे एकाच वाटेवर एकदम आली तर गुंताही तिथेच होतो.

सगळ्याची सुरुवात तारखेपासून होते. शेळी सुमारे 150 दिवस गाभण राहते, चार-पाच दिवस मागेपुढे. 1 जानेवारीला फळली तर 31 मेच्या आसपास व्याईल. बोकड दाखवल्याची तारीख मुलांच्या जुन्या वहीत लिहून ठेवावी. करडांच्या जन्माची तारीखही लिहावी. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण व्हावे लागते, तेव्हा ती नोंद गिऱ्हाइकाला दाखवता येते.

दिवस भरले की कास भरते, सड ताठ होतात, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडून तिथे खड्डे दिसतात. शेळी कळपापासून बाजूला होते, पायाने जमीन उकरते, उठते, बसते, मागे वळून पाहते. घट्ट पांढरट चिकट स्राव लोंबू लागतो. ही अस्वस्थता काही तास चालली तरी घाबरू नये. कोरडी जागा द्यावी, पाणी ठेवावे, मुलांना दूर ठेवावे आणि लांबून पाहावे.

घड्याळ पाहायचे ते खऱ्या जोराच्या कळा सुरू झाल्यावर. शेळी आडवी पडून, पाय ताणून, ओरडून जोर लावू लागली की वेळ लिहून घ्यावी. अर्ध्या तासात काहीच पुढे सरकले नाही, किंवा पाण्याची पिशवी फुटून अर्धा तास झाला तरी करडाचा पाय-तोंड दिसत नाही, तर ती अडली असे समजावे. पहिले करडू झाल्यावर दुसऱ्यासाठी पुन्हा अर्धा तास जोर लावूनही ते आले नाही, तर तेही तसेच. दुवा जरूर करावी, पण दुवा करता करता नजर घड्याळावर असावी.

करडू नीट येत आहे हे ओळखायचे कसे? विहिरीत सूर मारणारा पोरगा आठवा. दोन्ही हात पुढे आणि डोके त्या हातांवर. करडूही तसेच येते: आधी दोन पुढचे खूर, तळवे जमिनीकडे, आणि त्यावर टेकलेले नाक. कधी मागचे दोन पाय आधी येतात, तळवे आभाळाकडे. तसेही करडू जन्मते, पण तेव्हा नाळ आत दाबली जाते, म्हणून कमरेपर्यंत आले की रेंगाळू नये.

अडचण असते ती अशी. एकच पाय आणि डोके आले, दुसरा पाय मागे दुमडला. दोन्ही पाय आले, पण डोके बगलेकडे वळले. नुसती शेपटी हाताला लागते, पाय आत पोटाखाली. किंवा दोन करडांचे पाय एकमेकांत गुंतले. खालाच्या शेळीला बाहेर आलेला एक पाय ओढला, आणि आत काय अडकले होते ते कुणी पाहिलेच नाही. बंद दार खेचल्याने उघडत नाही.

डॉक्टर लगेच येणार नसतील तर हात घालावा लागतो. याला बाईचा लहान हात उत्तम. मात्र घरात कुणी हामिला असेल तर तिने या कामाच्या जवळही येऊ नये. गाभण शेळीच्या पाण्यातून, वारेतून ब्रुसेलोसिससारखे रोग माणसाला लागतात आणि पोटातल्या बाळाला धोका होतो. बाकीच्यांनीही हातमोजे घालावेत. नखे कापावीत, बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत, शेळीची मागची बाजूही धुवावी, आणि हाताला भरपूर गोडेतेल लावावे.

बोटे जुळवून निमुळता हात हळूच आत न्यावा. वाट दोन बोटांपुरतीही उघडली नसेल तर हात मागे घ्यावा. ते काम डॉक्टरांचेच. पाय लागला तर पुढचा की मागचा हे सांध्यांवरून कळते. खुराच्या वरचे दोन्ही सांधे एकाच दिशेने वाकत असतील तर पुढचा, उलटसुलट वाकत असतील तर मागचा. दोन पाय हाती आले तरी ते एकाच करडाचे आहेत का, हे अंगापर्यंत चाचपून पाहावे. कळ नसेल तेव्हा करडू थोडे आत ढकलावे, दुमडलेला पाय पुढे आणावा. खुराने गर्भाशय फाटू नये म्हणून तो आपल्या तळहाताच्या वाटीत झाकावा. मग शेळीने जोर लावला तरच, तिच्या मागच्या टाचांच्या दिशेने, खाली ओढावे. दहा-पंधरा मिनिटांत जमले नाही तर थांबावे. त्याहून जास्त खटपट केली की आत सूज येते आणि नंतर डॉक्टरांनाही जागा उरत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगायची. कळा वाढवायचे इंजेक्शन कुणाकडूनही मारून घेऊ नका. वाट बंद असताना ते दिले तर गर्भाशय फाटू शकते.

फोन मात्र हात घालण्याआधीच करावा. 1962 हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री क्रमांक आहे. घरातल्या शाळकरी मुलालासुद्धा तो पाठ हवा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूर-नांदेडच्या सीमेवरच्या गावांना ते जवळ पडते. शेळीला ऑटोत घालून न्यायला अनेकांना लाज वाटते, पैसे जास्त वाटतात. एका बोकडाची किंमत आणि ऑटोचे भाडे शेजारी शेजारी लिहून पाहा.

करडू आले की नाकातोंडातला चिकटा पुसावा, श्वास घेत नसेल तर नाकात गवताची काडी फिरवावी, पोत्याने अंग चोळावे. नाळेला आयोडिन लावावे. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे आणि दिवसभरात करडाच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका. "वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही," असे जुन्या बायका सांगतात. आमच्या अम्मीही सांगत. ते चूक आहे. उलट करडू पिऊ लागले की वार सुटायला मदतच होते. वार ओढू नये, त्याला दगड-चप्पल बांधू नये. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. पडलेली वार कुत्र्यांपुढे न टाकता खोल पुरावी.

अडण्याची बरीच कारणे मात्र आधीच पेरलेली असतात. सहा-सात महिन्यांची पाठ फळवली तर ती स्वतःच लेकरू असते. ईदला मोठा बोकड हवा म्हणून लहान चणीच्या पहिलारूला बीटल किंवा बोअरचा भारी बोकड दाखवला, तर करडू वाटेत मावत नाही. शेवटच्या दीड महिन्यात करडे झपाट्याने वाढतात. तेव्हा नुसत्या सोयाबीनच्या गुळीवर ठेवलेली शेळी खंगते, खाणे सोडते, दात खाते, एका जागी मान टाकून उभी राहते. जुळी पोटात असलेल्या शेळीने असे केले तर व्यायची वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावे. या दिवसांत हिरवा पाला आणि रोज पाव किलोपर्यंत खुराक हळूहळू वाढवत न्यावा.

खालांनी उसने घेऊन हाळीच्या बाजारातून दुसरी शेळी आणली आहे. परवा गेलो तेव्हा गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने तारीख लिहिलेली दिसली, आणि खाली मुलीच्या अक्षरात 1962.